दातांत धरलेला दोरा

खिळा एवढासाच होता, पितळेचा. वर्षानुवर्षं दोरा घासून घासून त्याचं डोकं आरशासारखं झालं होतं. तिच्या आईने तो आपल्या कामाच्या टेबलाच्या डाव्या कडेला ठोकला होता. माळ ओवायला बसली की आई दोऱ्याचं शेपूट त्या खिळ्याला अडकवी, एक मणी सरकवी, त्याच्यामागे गाठ मारी, सुईच्या टोकाने ती गाठ मण्याच्या पोटाशी नेऊन बसवी, आणि मगच पुढच्या मण्याला हात घाली. दोन मण्यांमध्ये गाठ हवीच. म्हणजे दोरा तुटला तरी एकच मणी निसटतो, बाकीची माळ शाबूत राहते. आणि गाठ नीट बसायची तर दोरा ताणलेला हवा. या कामातली विद्या एवढीच. उरलेलं सगळं बूड टेकून बसण्याचं कसब.

आईने तिला एकच गोष्ट बजावली होती. दोरा दातांत धरायचा नाही. का, असं विचारल्यावर म्हणाली होती, "दात खराब होतात." मग सुईत नजर ठेवूनच, जरा थांबून, "आणि माळही."

आई गेली तेव्हा मण्यांचे डबे, सुया, चिमटे आणि तो खिळा असा वारसा तिच्याकडे आला. टेबल वाळवीने खाल्लं होतं. सासरी तिला मिळालं ते सासऱ्यांचं जुनं जेवणाचं टेबल, भक्कम, काळसर लाकडाचं. काचा लावून बंद केलेल्या गॅलरीत तिने ते खिडकीशी ओढून घेतलं. ती गॅलरी म्हणजे खोली म्हणण्याइतकीही नव्हती. खुर्ची मागे घेतली की पाठ भिंतीला टेके. पण खिडकी मोठी होती. समोरच्या इमारतीची मागची बाजू, गंजके नळ, त्यांच्यावर आभाळाची एक पट्टी. आणि त्या पट्टीतून दुपारपर्यंत येणारा निर्मळ उजेड. मण्यांच्या कामाला असाच उजेड लागतो. दिव्याखाली गडद निळा आणि काळा मणी एकमेकांचे सख्खे भाऊ होतात. दिवसाउजेडी त्यांचं भांडण लगेच दिसतं.

तिने हातोडी घेतली तेव्हा नवरा दारात येऊन उभा राहिला.

"बाबांच्या टेबलाला खिळा ठोकणार?"

"कडेला. दिसणारही नाही कुणाला."

"मला माहीत असेल ना."

यावर बोलण्यासारखं पुष्कळ होतं. तिने खिळा टाचण्यांच्या डबीत टाकला, आणि दोरा ताणायला काय काय वापरून पाहिलं. कपड्यांचा चिमटा रेशमी दोऱ्याला चावे, टाचणी सरके, वजन घसरे. शेवटी दोन्ही हात गुंतलेल्या माणसाला जे सुचतं तेच तिला सुचलं. तिने शेपूट दातांत धरलं. दोरा झणकन ताणला गेला आणि गाठ अशी बसली की आईची आठवण यावी.

तेव्हापासून ती दातांनीच ओवू लागली.

दातांत दोरा असला की बोलता येत नाही, हे घराने फार लवकर ओळखलं. नवरा स्वभावाने दुष्ट नव्हता. त्याला फक्त सोय चटकन दिसे. तिने शेपूट तोंडात घेतलं की तो गॅलरीच्या दाराला टेकून आपली गाऱ्हाणी सांगायला लागे. मीठ कमी पडलं, इस्त्री नीट झाली नाही, तिच्या माहेरच्यांना फोनवर बोलायची रीत नाही. बोलून झालं की तो निघून जाई, आणि तोवर गाठ व्हायची असे. वाक्य तिच्या तोंडात तयार होई, अगदी धारदार, काना-मात्रेसकट. जिभेवर येई, दोऱ्यापाशी अडे. मग ती दोरा आणखी घट्ट चावी. गाठ मण्याशी जाऊन बसे तेव्हा तोंडात दोऱ्याच्या मेणाची चव आणि थोडा ओलावा एवढंच उरे.

"आमच्याकडे दोघांत मिळून एकच तोंड आहे," नवरा आल्यागेल्यांना सांगे, "आणि देवदयेने ते माझं आहे." लोक हसत. तीही हसे, दातांत दोरा धरूनही हसता येतं.

पहिली गोष्ट कळली ती दातांच्या डॉक्टरणीकडून. ही बाई जवळच राहायची. तिने एक हिरव्या काचमण्यांची माळ घेतली होती आणि तिचा आकडा सैल झाला म्हणून एका दुपारी ती घरीच आली. आकडा बसेपर्यंत तिची नजर सवयीने समोरच्या तोंडाकडे गेली.

"जरा आ करा बघू. समोरच्या दाताला खाच पडलीय तुमच्या. दोरा धरता ना? सोडा ते."

"हात दोनच आहेत, डॉक्टर."

"दातही मोजकेच असतात." डॉक्टरीण हसली, पण लगेच उठली नाही. पर्सचा पट्टा बोटाभोवती गुंडाळत राहिली. "तुम्हाला एक विचारू? हसू नका. परवा आम्ही जेवत होतो. माझे सासरे शेजारी. त्या माणसाला मी आजवर एक शब्द उलटून बोललेले नाही; तशी वेळही आणत नाहीत बिचारे. आणि मी एकदम त्यांना म्हणाले, ‘मीठ कमी वाटत असेल तर हात लांब करा. बरणीला दात नाहीत, चावणार नाही ती.’"

आकड्यावरची पक्कड जागच्या जागी थांबली.

"सगळे बघतच राहिले. सासरे तर असे कानकोंडे झाले. आणि गंमत काय, कुणी मीठ मागितलंच नव्हतं."

"होतं असं कधीकधी. दमलेलं असतं माणूस," ती म्हणाली.

"हो ना. पण माझी बोलायची ढब नाही हो ही." डॉक्टरणीने माळ गळ्यात घातली, आरशात पाहिलं. "बरं मात्र वाटलं. खोटं कशाला सांगू."

डॉक्टरीण गेल्यावर तिने हिरव्या मण्यांचा डबा उघडून पाहिला. मणी मण्यांसारखे होते. बरणीचं ते वाक्य तिचं होतं. कुठल्या सकाळी, कुठल्या मण्यापाशी ते तिने गिळलं तेही तिला आठवलं. नवरा दाराला टेकून घसा साफ करत होता. ती भाबडी नव्हती. मिठावरून सगळ्याच घरांत बोलणी होतात आणि सगळ्याच बायकांना उत्तरं सुचतात, अशी तिने मनाची समजूत घातली. समजूत चांगली होती. फक्त बरणीला दात नाहीत हे आणखी कुणाला कसं सुचावं, एवढ्या एका जागी ती ढिली पडत होती.

मग नणंद जेवायला आली. नवऱ्याची ही मोठी बहीण. तिचं कपड्यांचं दुकान होतं आणि माळा तिथूनच खपत. मोकळी, मोठ्या आवाजाची बाई. भावाला तिने अंगाखांद्यावर खेळवलं होतं, अजूनही डोक्यात टपली मारून बोले. त्या दिवशी तिच्या गळ्यात तांबड्या मण्यांची नवी माळ होती. जेवणं झाली. भावाने चहाचा रिकामा कप टेबलावर ठेवला आणि नेहमीप्रमाणे बोटाने पुढे सरकवला.

"तुमचा कप उचलायला तिसरं माणूस लागत नाही," नणंद म्हणाली. "दोन हात तुम्हालाही दिलेत."

आवाज खालच्या पट्टीतला होता. शेवटच्या शब्दावर तो किंचित फाटला. तसा आवाज या घरात एकीचाच होता, आणि ती तेव्हा ताटं उचलत होती.

नवरा हसू लागला. "ताई, मला अहो-जाहो? तब्येत बरी आहे ना?"

नणंदेने गळ्यापाशी हात नेला. "मी ‘तुम्ही’ म्हणाले? अरे, दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलून बोलून जिभेला वळण लागलंय बघ." मग तीही हसली, पण घरी जाईपर्यंत नंतर फारशी बोलली नाही.

माळा खपू लागल्या. कुणी नीट कारण सांगत नसे. नणंद म्हणे, "बायका एक घेऊन जातात आणि परत येतात. घातली की मोकळं वाटतं म्हणतात. कसलं मेणबिण लावतेस गं तू?" त्याच सुमारास नवऱ्याची नोकरी सुटली, म्हणजे सोडवण्यात आली. आठवडाभर तो छताकडे पाहत पडून राहिला आणि मग एके सकाळी धंद्याचा मालक होऊनच उठला. कार्डं छापून आली. त्यांवर नाव त्याचं, आणि खाली बारीक अक्षरांत ‘घरच्या हातांनी ओवलेल्या माळा’. घरचे हात म्हणजे ती.

तिला याचा राग यायला हवा होता. तिने राग शोधला. कपाचं वाक्य आठवून पाहिलं. कप आठवला, त्याचं ते बोट आठवलं, वाक्य मात्र हाताला लागेना. नणंदेच्या तोंडून ऐकलं नसतं तर तसं काही आपण कधी योजलं होतं हेही तिला कळलं नसतं. मिठाचंही आता तसंच. पडलेल्या दाताच्या जागी जीभ पुन्हा पुन्हा जाते, आणि तिथे गुळगुळीत हिरडीच लागते, तसं तिचं झालं. जे जे गिळलं ते ते बाहेर कुणाच्या ना कुणाच्या गळ्यात होतं, आणि आत त्याची राखही उरली नव्हती. आपण शांत होत चाललो आहोत असं तिला आधी वाटलं होतं. घरातल्यांनाही तसंच वाटे. "हल्ली किती छान राहतेस," नवरा म्हणाला.

आणि मग त्याने खोली मागितली.

मागितली म्हणणंही बरोबर नाही. ती पांढऱ्या मण्यांची माळ ओवत होती. दुधी काचेचे मणी, उजेडाकडे धरले की आत ढग दिसावा असे. शेपूट दातांत होतं. तो दाराला टेकला आणि म्हणाला, "ही जागा मला लागेल. माणसं येणार भेटायला, त्यांना बसवू कुठे? तुझं काय, बोळातही भागेल. मोठा दिवा लावून देतो."

बोळ म्हणजे स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्यामधली अंधारी जागा. तिथे झाडू, बादल्या आणि जुने पेपर राहत.

नाही, असं तिने मनात म्हटलं. ही खोली मी देणार नाही.

तो माळ संपेपर्यंत बोलत होता: भिंतीला कुठला रंग, खुर्च्या कशा. आणि ती प्रत्येक मण्यामागे तेच म्हणत होती. नाही. गाठ. ही खोली मी देणार नाही. गाठ. इतक्या सारख्या, इतक्या घट्ट गाठी तिच्या हातून पूर्वी कधी पडल्या नव्हत्या. शेवटची गाठ बसवून तिने दोरा कापला, तोंडातून शेपूट काढलं, त्याच्याकडे वळली आणि तोंड उघडलं.

काही आलं नाही.

"चालेल ना?" त्याने विचारलं.

तिची जीभ टाळूला लागली आणि तिथेच थांबली. त्या जागेवरून पुढे जायचा रस्ता जणू कुणी उचलून नेला होता. तिने मान आडवी हलवली.

"मान आखडली का? बसतेस किती वेळ त्या खुर्चीत. बोळात वेताचा मोडा देतो तुला, पाठीला बरा." तिच्या खांद्यावर थोपटून तो गेला.

त्या दुपारी न्हाणीघरात नळ सोडून तिने एकेक शब्द तपासला. हो. आहे. चालेल. देते. करते. सगळे जागेवर होते. फक्त ‘नाही’ नव्हता. ‘नको’ नव्हता. आरशासमोर उभं राहून तिने ओठांना आकार दिला. आकार झाला आणि आत काही भरलंच नाही. बाहेरून नवऱ्याने विचारलं, "पाणी वाहतंय का गं?" आणि "हो" मात्र इतका सहज निघाला की तिचं तिलाच शहारून आलं.

पांढरी माळ दुकानात गेली होती, आणि काही दिवसांनी ती स्वतः तिथे पोचली तेव्हा खपलीही होती.

"वाचनालयात पुस्तकांवर शिक्के मारतात ना, त्या बाईंनी नेली," नणंद म्हणाली. "परवा मुद्दाम येऊन आभार मानून गेल्या. माळेचे कुणी आभार मानतं का? अगं, पण तुझा चेहरा का असा?"

तिला सांगता आलं असतं. नणंदेच्या गळ्यात तांबडी माळ नव्हती. तिने ती घालायची बंद केली होती आणि त्याबद्दल दोघींपैकी कुणी एक अक्षर काढलं नव्हतं. आताही काढलं नाही. नणंदेने पत्ता तेवढा सांगितला.

शिक्के मारणाऱ्या बाई भावाच्या घरामागच्या एका खोलीत राहत. स्वतंत्र दार, एक खाट, एक शेगडी, भिंतीशी रचलेली पुस्तकं. त्यांच्या सुती कपड्यांवर ती पांढरी माळ चांदण्यासारखी नव्हे, हाडांसारखी दिसत होती.

"तुम्हीच का ओवणाऱ्या? या, बसा. जागा लहान आहे," बाई म्हणाल्या, "पण माझी आहे."

त्या ‘माझी’वर आवाज जरासा फाटला.

"ही माळ मला परत द्याल का?" ती म्हणाली. येताना सगळी वाक्यं तिने जपून जुळवली होती, त्या एका शब्दाला वळसा घालून. "तिच्या बदल्यात दुसरी कुठलीही घ्या. दोन घ्या."

"काही चुकलंय का माळेत?"

"माझं काहीतरी राहिलंय तिच्यात."

बाई खाटेवर बसल्या. त्यांनी आश्चर्य दाखवलं नाही, हेच तिला अवघड गेलं. "मला वाटलंच होतं, कुणाचं तरी असणार," त्या सावकाश म्हणाल्या. "माझा आवाज असा फाटत नाही."

"मग द्या."

"भावाला ही खोली हवी होती. मुलगा मोठा झाला, त्याला वेगळं झोपायला हवं. मी कुठे जायचं ते कुणी ठरवलं नव्हतं. आपोआप ठरेल असं सगळ्यांना वाटत होतं. तसंच ठरत आलंय आजवर. आईचं करायला माणूस हवं होतं तेव्हा हो. लग्न पुढे ढकलायचं म्हणाले तेव्हा हो. मोडायचं म्हणाले तेव्हाही हो. त्या दिवशी भाऊ दारात उभा होता, मी हो म्हणायला तोंड उघडलं, आणि..." त्यांनी मण्यांवरून बोटं फिरवली. "तो आता माझ्याशी बोलत नाही. इतकं छान वाटतं."

"मलाही माझी खोलीच वाचवायची आहे."

बाईंच्या चेहऱ्यावर दया आली. खरी दया, तोंडदेखली नव्हे. त्यांचे डोळे भरले. त्यांनी तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"नाही," त्या म्हणाल्या. "ही खोली मी देणार नाही."

खोली तिने मागितली नव्हती. दोघींनाही ते कळलं. ती उठली. दारापाशी पोचेपर्यंत तिच्या कानात तोच आवाज घुमत होता, आणि आपला हा आवाज इतका ठाम, इतका सुंदर असेल, याची तिला आयुष्यात कल्पना नव्हती.

सुतार आला. गॅलरीच्या खिडकीवर फळ्या मारून त्यांवर काचेचं कपाट बसवलं गेलं. कपाटात दिवे, दिव्यांखाली माळा. सासऱ्यांचं टेबल भिंतीलगत जमिनीशी पक्कं करायचं ठरलं, आणि सुताराने त्याच्या चारही पायांना भोकं पाडून बोटभर लांबीचे स्क्रू पिळले. लाकूड करकरलं. ती बोळाच्या तोंडाशी उभी राहून पाहत होती.

"बाबांना आवडलं असतं," नवरा म्हणाला.

बोळात तिला एक फळी आणि एक मोडा मिळाला. फळी कुणाच्याच वडिलांची नव्हती. तिने टाचण्यांच्या डबीतून पितळेचा खिळा काढला आणि डाव्या कडेला ठोकला. हातोडीचा आवाज घरभर गेला; कुणी काही विचारलं नाही. दिवा मोठा होता, पण पिवळा. निळे आणि काळे मणी एकमेकांत मिसळून गेले होते.

नवऱ्याच्या डोक्यात आता पुरुषांच्या माळा होत्या. "मोठं गिऱ्हाईक आहे, उद्या येतंय," तो म्हणाला. "नमुना हवा. काहीतरी रांगडं कर, धुरकट रंगाचं. मी स्वतःच घालून फोटो काढतो, म्हणजे दुसरं माणूस शोधायला नको."

धुरकट मणी आईच्या डब्यात होते. आईने ते कधी वापरल्याचं तिला आठवत नव्हतं. तिने दोऱ्याला मेण लावलं, शेपूट खिळ्याला अडकवलं, पहिला मणी सरकवला. दोरा ताणलेला होता. दात मोकळे होते. आईने दिलेली रीत इतक्या वर्षांनी नीट जुळून आली होती.

मग तिने शेपूट खिळ्यावरून सोडवलं आणि दातांत धरलं.

ती कशाचाही विचार करत नव्हती, हे तिने नंतर स्वतःला अनेकदा सांगितलं. करायला काही उरलंच नव्हतं. संताप गेला होता, उत्तरं गेली होती, नकार गेला होता. तळ गाठलेल्या डब्यात हात घातला की बोटांना पत्राच लागावा, तसं आत काही गार, सपाट लागत होतं. त्याला शब्द नव्हते. ते काय आहे हे पाहण्याचं कुतूहलही तिला नव्हतं. ती गाठी मारत गेली.

माळ सुकण्यासाठी तिने खिळ्यालाच टांगून ठेवली.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक यायच्या आधी त्याने तिला गॅलरीत बोलावलं. दुपार होती, पण फळ्यांमुळे आत दिवे लागले होते. त्याने नवा शर्ट घातला होता, वरची दोन बटणं सोडली होती. तिने माळ त्याच्या गळ्यात घातली आणि मानेमागे आकडा अडकवला. या माळेला तिने घट्ट आकडा बसवला होता. तो घालणाऱ्याला स्वतःच्या हाताने निघत नसे.

"कसा दिसतो?" त्याने फोन हात लांब करून धरला. "राजबिंडा ना?"

"हो."

तो फोनच्या पडद्याकडे पाहून हसला. हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, आणि त्यातून तो बोलला.

"तुम्ही गेल्यावर मी ही खिडकी उघडीन," तो म्हणाला.

खालच्या पट्टीत. अगदी शांतपणे. बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसं.

"आधी उजेड येऊ देईन. मग लोकांना कळवीन."

शेवटच्या शब्दावर आवाज जरासा फाटला.

फोन खाली आला. कपाटातल्या दिव्यांची बारीक गुणगुण तेवढी ऐकू येत होती.

"मी आत्ता काय म्हणालो?"

ते वाक्य तिने कधी ऐकलं नव्हतं. कधी योजलं नव्हतं. तरी प्रत्येक शब्द तिच्या ओळखीचा होता.

"कोण गेल्यावर? मी ‘तुम्ही’ कुणाला म्हणालो?" त्याने मानेमागे हात नेला. बोटं आकड्यावरून घसरली. पुन्हा नेली. "काढ हे. निघत नाहीये. ए, काढ ना."

ती त्याच्यामागे जाऊन उभी राहिली. काचेत त्याचा चेहरा दिसत होता, माळांच्या रांगांमधून. इतक्या वर्षांत तो प्रथमच तिच्या उत्तरासाठी थांबला होता.

"मला काही होणार आहे का?" त्याने विचारलं.

एक साधा शब्द. कुठल्याही बायकोने, कुठल्याही अनोळखी माणसानेही, दयेपोटी सहज दिला असता असा. तिने तो द्यायला तोंड उघडलं. तिला तो खरोखर द्यायचा होता. जीभ टाळूला लागली आणि थांबली.

काचेतला चेहरा वाट पाहत होता.

"हो," ती म्हणाली, आणि आकडा शोधायला तिने त्याच्या मानेमागे बोटं नेली. दोरा अजून ओला होता.